चालू आहे, बंद करू नका

देवीदास सोमकुवरांनी किल्ली फिरवली आणि गाडी म्हणाली, "टक."

एवढंच. पुढे जी घरघर व्हायला हवी होती, ती झाली नाही. त्यांनी किल्ली मागे घेतली, घसा साफ केला, शर्टाची कॉलर नीट केली आणि पुन्हा फिरवली. "टक." समोरचे दिवे क्षणभर मंद झाले, आजारी माणसानं डोळे उघडून पाहुणा कोण आहे ते पाहावं आणि पुन्हा मिटून घ्यावेत तसे.

एरवी त्यांनी हे मनाला लावून घेतलं नसतं. जलसंसाधन विभागात उभी हयात बाबू म्हणून काढलेल्या माणसाला कुठलीही गोष्ट पहिल्या खेपेला होत नाही हे पक्कं ठाऊक असतं. पण आठवड्यावर सौंसरला भाचीचं लग्न होतं. धाकटी बहीण प्रेमलता हिच्या प्रणालीचं. आणि देवीदासनी फोनवर, स्पीकर चालू असताना, सगळ्या नातेवाइकांच्या साक्षीनं जाहीर केलं होतं, "भाड्याची गाडी करायची नाही. पोरगी मामाच्या गाडीत बसून हॉलवर जाईल, अन् मामाच्याच गाडीत रामाकोन्याले सासरी जाईल." त्यावर प्रेमलता फक्त म्हणाली होती, "पाह्य बरं दादा." त्या 'पाह्य बरं'मध्ये काय काय होतं ते भावालाच कळतं.

"बॅटरी गेली जी," शेजारचा गजेंद्र कंपाउंडवरूनच म्हणाला. तो संत्र्याचे बगीचे ठेक्यानं घ्यायचा. त्यानं गाडी पाहिली नव्हती, नुसतं 'टक' ऐकलं होतं.

"बॅटरी नाय, स्टार्टर," समोरच्या ओट्यावरून केशवराव म्हणाले. "रेल्वेत उमर गेली माझी. आवाजावरून इंजिन ओळखतो मी." केशवराव रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. तिथं इंजिनाचा आवाज यायचा, हे मात्र खरं.

दोघांचं भांडण पुढे सरकावं म्हणून गाडी ढकलण्यात आली. जाम नदीकडे जाणारा उतार जवळच होता. चार लोक लागले, गाडी गडगडत निघाली, देवीदासनी क्लच सोडला आणि गाडी एक हिसका देऊन चालू झाली. त्यांच्या पत्नी इंदूबाई दारातून ओरडल्या, "झाली का हो?" जणू बाळंतपण होतं.

बोनेट उघडल्यावर बॅटरीच्या टोकांवर पांढरट-हिरवी भुकटी साचलेली दिसली, फुलकोबीसारखी. गरम पाणी आलं, खायचा सोडा आला, जुना टूथब्रश आला. देवीदासनी टर्मिनल असं घासलं की स्वतःचे दातही त्यांनी आयुष्यात तसे घासले नव्हते. गाडी एका किल्लीत चालू झाली. त्या दिवशी ते ऑफिसला गाडीनं गेले आणि विनाकारण दोनदा खाली येऊन पाहून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी म्हणाली, "टक."

बॅटरी वॉरंटीत होती. दुकानदारानं हात वर केले. कंपनीला फोन लावा म्हणाला, आणि नंबर लावूनही दिला. पलीकडून एक गोड आवाज आला.

"सर, आपका जिला?"

"पांढुर्णा," देवीदास म्हणाले. आवाजात किंचित अभिमान होता. जिल्हा जाहीर झाला त्या दिवशी ऑफिसात पेढे त्यांनीच वाटले होते.

"सर, पांढुर्णा तहसील होगी. जिला छिंदवाड़ा."

"पहले था मॅडम. अब पांढुर्णा खुद जिला है."

"सर, सिस्टम में नहीं आ रहा है."

"आपके सिस्टम में नहीं आ रहा, तो इसमें जिले की क्या गलती?"

दुकानदार कानात कुजबुजला, "म्हणून टाका ना जी छिंदवाडा. काय जाते?"

पण देवीदासना ते जमलं नाही. माणसाची काही तत्त्वं असतात. ती नेमकी गाडी बंद असतानाच आठवतात. शेवटी मॅडमनी जिल्ह्याच्या जागी 'अन्य' असं लिहिलं. अन्य! इतक्या वर्षांनी मिळालेला जिल्हा एका फटक्यात 'अन्य' झाला. दोन दिवसांनी मोबाईलवर निरोप आला की कंपनीचा माणूस छिंदवाड्यातल्या पत्त्यावर जाऊन आला, तिथं गाडी आढळली नाही, सबब आपल्या समस्येचं समाधान झालेलं आहे. सेवेला पाचपैकी किती तारे द्याल? देवीदासनी मोबाईल उलटा ठेवला आणि नवी बॅटरी विकत आणली.

नवी बॅटरी बसली. गाडी अशी चालू झाली की केशवराव ओट्यावरून उठून उभे राहिले. गजेंद्रनं दिवसभर गल्लीत छाती काढून फिरून घेतलं. देवीदास रात्री शांत झोपले.

आणि लग्न तीन दिवसांवर असताना त्यांनी किल्ली फिरवली, तर गाडी काहीच म्हणाली नाही.

टकसुद्धा नाही. त्यांनी पुन्हा फिरवली. शांतता. हॉर्न वाजत होता, वायपर फिरत होते, हेडलाइट तर असे लख्ख की भर सकाळी समोरच्या ओट्यावर केशवरावांनी डोळ्यांवर हात धरला. सगळं होतं, फक्त इंजिन त्या घरचं नव्हतं. देवीदासना त्या जुन्या 'टक'ची आठवण येऊ लागली. 'टक' म्हणजे निदान एक उत्तर होतं. नकार का होईना, दखल होती.

गजेंद्र हातात दगड घेऊन आला. तो मूळचा सावरगावचा, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ही दोन्ही गावं जाम नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड मारतात, हा तिथला जुना रिवाज. सावरगावचा माणूस हातात दगड घेऊन पांढुर्ण्याच्या माणसाकडे चालत येतो तेव्हा पांढुर्ण्याचा माणूस नकळत दोन पावलं मागे सरतो, देवीदासही सरले.

"भेता कायले जी? तुमच्यासाठी नाय, स्टार्टरसाठी हाय," गजेंद्र म्हणाला. "एक ठोकला का चालू होते. तुम्ही किल्ली फिरवून धरा."

तो गाडीखाली शिरला. खालून ठण्णकन आवाज आला. देवीदास दचकले, हात थरथरला, किल्ली हलली आणि गाडी चालू झाली.

"स्टार्टर!" केशवराव रस्ता ओलांडून धावतच आले. "मी पह्यल्याच दिवशी सांगतलं होतं!"

मग राजू आला. राजू म्हणजे गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा, गावातला सगळ्यात बिझी माणूस. त्याच्याकडे बोलणं भरपूर आणि वेळ कमी होता. देवीदास म्हणाले, "स्टार्टर गेला वाटते," आणि राजूनं लगेच स्टार्टर खोलून दुकानात नेला. गाडी दोन दिवस दात पडल्यासारखी दारात उभी राहिली. लग्नाच्या आदल्या दिवशी स्टार्टर परत बसला, "एकदम नवा करून टाकला जी," आणि देवीदासनी किल्ली फिरवली.

शांतता.

आता राजूनं एक छोटा टेस्ट लॅम्प काढला. एक टोक इथं, एक टोक तिथं. किल्ली फिरवायला लावली. दिवा लागला नाही. राजू हसला.

"मले पह्यलेच वाटलं होतं," तो म्हणाला. "किल्लीच्या मांगं एक स्विच राहते. किल्ली फिरवली का तो स्टार्टरले करंट देते. त्याच्या आतली पत्ती जळली. हात हलला का कधी जुळते, कधी जुळत नाय."

"मंग स्टार्टर कायले खोलला रे बाबा?"

"तुम्हीच म्हणाले ना जी, स्टार्टर गेला."

गजेंद्र दगड पायानं हळूच नालीकडे सरकवत होता. केशवराव म्हणाले, "पण आवाज स्टार्टरचाच होता," आणि घरात गेले.

"स्विच लावून दे मंग," देवीदास म्हणाले.

"नागपूरवरून बोलवा लागते. सोमवारी येईन."

"उद्या लग्न हाय राजू."

राजूनं डोकं खाजवलं. "सकाळी मी येतो. स्टार्टरले तार डायरेक्ट टच करून चालू करून देतो. फक्त एक ध्यानात ठेवा, बंद नका करू."

"कुठपर्यंत?"

"सोमवारपर्यंत."

तार टच करायची विद्या देवीदासनीही शिकून पाहिली. अशी ठिणगी उडाली की पान्हा एकीकडे आणि बाबू दुसरीकडे. इंदूबाई म्हणाल्या, "अजी, अजून वेळ हाय. भाड्याची गाडी सांगून द्या. नायतर गजेंद्रभाऊ आपली पिकअप देऊन राहिले."

"नवरी संत्र्याच्या क्रेटमधी बसवू?" देवीदास म्हणाले. "मी शब्द देला हाय." एवढं बोलून ते आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. शब्द स्पीकरवर दिला होता हेच मुख्य दुखणं होतं.

सकाळी राजू आला, ठिणगी उडाली, गाडी चालू झाली. झेंडूच्या माळा लागल्या. इंदूबाई मांडीवर आहेराचं गाठोडं घेऊन बसल्या. निघताना गल्ली हात हलवत होती आणि एकसुरात ओरडत होती, "बंद करू नका!" कुठल्याही प्रवाशाला इतका एकमुखी निरोप मिळाला नसेल.

पहिला अडथळा पेट्रोल पंप. टाकी भरायची राहिली होती, कारण आठवडाभर गाडी चालेल असं कुणाला वाटलंच नव्हतं.

"गाडी बंद करा," पंपावरची मुलगी म्हणाली.

"बेटा, बंद केली तं चालू होत नाही."

तिनं बोटानं पाटी दाखवली. पाटीवर लिहिलं होतं, कृपया इंजन बंद करें. देवीदास सरकारी माणूस. पाटीपुढे त्यांचं आयुष्यात कधी काही चाललं नव्हतं. मागून हॉर्न वाजू लागले. इंदूबाई खिडकीकडे वाकून म्हणाल्या, "अगं, लग्न हाय गं." मुलगी म्हणाली, "काकू, आग लागली तं लग्न होईन का?" तिचंही बरोबर होतं. त्या दिवशी सगळ्यांचंच बरोबर होतं, देवीदास सोडून.

ते तसेच निघाले. काटा तळाकडे झुकला होता, तरी सौंसर आलं.

प्रेमलता दारात उभी होती. गाडी आली, माळा लावलेली, चमकणारी. तिचा चेहरा उजळला. देवीदासना वाटलं, आठवडाभराचं सगळं फिटलं.

"दादा, बंद कर अन् ये आत, चहा घे."

"इथंच दे."

"कायले? उतर ना."

"नाही, मी... इथंच बरा हाय."

चहा गाडीत आला. पोहे गाडीत आले. आत्या, काका, जुने शेजारी एकेक करून काचेशी येऊन भेटून गेले, जसं दवाखान्यात पेशंटला भेटतात. थोड्या वेळानं मांडवातून एक वाक्य स्पष्ट ऐकू आलं, "गाडी काय घेतली, बाबू आता खाली उतरून नाय राहिले." देवीदासनी पोह्यांत मान घातली. सांगायचं तरी काय? की मी गर्विष्ठ नाही, माझ्या किल्लीमागची पत्ती जळली आहे?

प्रणाली आली. पांढरीशुभ्र साडी, केसांत मोगरा. मागच्या सीटवर बसली आणि मागूनच मामाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "मामा, मस्त हाय गाडी." देवीदासना पुढचा रस्ता जरा धूसर दिसला, पण त्यांनी गिअर बरोबर टाकला.

हॉलच्या फाटकात गाडी उभी राहिली. नवरी उतरली. आता मामानं सोबत जायला हवं. देवीदासनी इंदूबाईंना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, हँडब्रेक ओढला आणि बजावलं, "कशालेच हात लावायचा नाही. कोणी आलं तरी."

आत बुद्धवंदना झाली, हार घातले गेले, पाकळ्या उधळल्या. देवीदास नवरीजवळ उभे होते, पण एक कान फाटकाकडे होता. लाउडस्पीकर, गर्दी, पोरांचा गोंगाट, या सगळ्याखालून इंजिनाची बारीक घरघर येत होती आणि ती येत होती तोवर त्यांचा श्वास चालू होता. मग आशीर्वादाची भाषणं सुरू झाली. एक वयस्कर गुरुजी संसार म्हणजे काय ते सांगत होते. "संसार म्हणजे..." असं म्हणून ते परिणामासाठी थांबले.

त्या थांबण्यात काहीच ऐकू आलं नाही.

देवीदासनी डोळे मिटले.

तेवढ्यात नवरीचे वडील गुणवंता आत आले. माणूस मोठा जपणारा. कुणाच्याही घरी गेले तरी रिकाम्या खोलीतला पंखा बंद करून येणारे. भाषणं चालू असताना स्वयंपाकाकडे चक्कर मारायला म्हणून ते बाहेर गेले होते. ते देवीदासच्या कानाशी लागले आणि खिसा थोपटून म्हणाले, "साळेबुवा, गाडी चालूच ठेवली तुम्ही! पेट्रोल फुकट जळून राहिलं होतं. मी बंद केली. किल्ली माझ्यापाशी हाय, चिंता नका करू."

मागून इंदूबाई धावत आल्या. "मी म्हणत होती, भाऊजी नका, भाऊजी नका. त्याहिनं खिडकीतून हात घालून फिरवलीच."

पुढची गोष्ट अशी की गाडी बरोब्बर फाटकात होती. तिच्यामागे नवरदेवाकडची मिनीबस, मिनीबसमागे बाकी वऱ्हाड. जेवणं झाली, निरोपाची वेळ आली, प्रेमलता रडली, प्रणाली रडली, गुणवंता भिंतीशी जाऊन रडले. रडत रडत प्रणाली मामाच्या गाडीत बसली. देवीदासनी किल्ली फिरवली. शांतता. पुन्हा. शांतता. किल्ली वर-खाली, डावी-उजवी हलवून पाहिली. शांतता. हळूहळू मागच्या सीटवरचं रडणंही थांबलं.

"बॅटरी गेली," आचारी म्हणाला.

"बॅटरी नाय, स्टार्टर," बँडवाला म्हणाला.

"पेट्रोल हाय का?" गुणवंतांनी विचारलं. देवीदासनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पुन्हा भिंतीशी गेले.

देवीदासनी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. हॉर्न वाजला. लोक हसले. तिथंच जमीन दुभंगावी असं त्यांना मनापासून वाटलं, गाडीसकट.

"मामा," प्रणाली मागून म्हणाली, "धक्क्यावर होते का चालू?"

"होते. पण तू..."

ती उतरलीसुद्धा. पदर खोचला, नवरदेवाला हाक मारली आणि दोघांनी गाडीच्या पाठीला हात लावले. मग लाजेनं सगळं वऱ्हाड लागलं. गाडी हलली, वेग धरला, देवीदासनी क्लच सोडला आणि इंजिन गरजलं.

"झाली! झाली!"

"थांबू नका!" सगळे ओरडले. "बंद पडेल! थांबू नका!" सगळ्यात मोठा आवाज इंदूबाईंचा होता.

देवीदास थांबले नाहीत. आठवडाभर ज्या एका आज्ञेखाली ते जगले होते, ती त्यांनी पाळली. रस्त्याला लागल्यावर त्यांनी आरशात पाहिलं. पांढऱ्या साडीतली नवरी गाडीमागे धावत होती. मग ती थांबली. कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. आणि लहान लहान होत गेली.

वळावं, तर रस्ता अरुंद आणि समोरून ट्रक. थांबून रिव्हर्स घ्यावा, तर इंजिन बंद पडायची भीती. म्हणून माळा लावलेली गाडी घेऊन मामा एकटाच रामाकोन्याच्या दिशेनं निघाला. वाटेत लोक कौतुकानं काचेतून आत डोकावत. मागची सीट रिकामी पाहून त्यांचे चेहरे बदलत. देवीदास समोर पाहत राहिले.

रामाकोन्याच्या अलीकडे, एका संत्र्याच्या बगीच्याजवळ, गाडीनं दोनदा उचकी दिली आणि ती आपणहून थांबली. पेट्रोल संपलं होतं. आता बॅटरी चांगली होती, स्टार्टर नवा होता, आणि काहीच उपयोगाचं नव्हतं. देवीदास बसून राहिले. उतरून जायचं कुठे? सासरी एकट्या मामाची वरात न्यायची? बगीच्यातून दोन बाया बाहेर आल्या. त्यांनी माळा पाहिल्या, रिकामी सीट पाहिली, घामाघूम माणूस पाहिला. एकीनं अगदी हळू आवाजात विचारलं, "नवरी पळाली का जी?"

"नाही," देवीदास म्हणाले. "मीच पळालो."

त्या बायांनी त्यांना पाणी दिलं.

मिनीबस आली तेव्हा ते खाली मान घालून रस्त्याच्या कडेला उभे होते. बस थांबली. प्रणाली उतरली, तिच्यामागे इंदूबाई. प्रणालीनं गाडीचं मागचं दार उघडलं आणि आत बसली.

"बेटा, पेट्रोल नाही आता. धक्क्यावरही होत नाही."

"मंग नका करू चालू," ती म्हणाली. "मी सगळ्यायले सांगून ठेवलं हाय, मामाच्या गाडीत येईन म्हणून. तुम्ही फक्त स्टिअरिंग पकडा." आणि तिनं नवरदेवाकडे पाहिलं. तो बिचारा कोट काढून इंदूबाईंकडे देऊ लागला. त्याचे मित्र बाह्या वर करू लागले.

देवीदास स्टिअरिंग धरून बसले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. गाडी गावात शिरली, आवाज न करता, पाण्यावरून नाव यावी तशी. पोरं बाजूनं धावत होती. दारात नवरदेवाची आजी, केसरबाई, खुर्चीवर बसली होती. तिला लांबचं नीट दिसत नव्हतं. गाडी अगदी समोर येऊन थांबली, नवरी उतरली, पाया पडली. म्हातारीनं तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि मग त्याच हातानं गाडीचा पत्रा चाचपून पाहिला.

"मामाची गाडी का ही?"

"हो आजी," देवीदास म्हणाले.

"लय भारी हाय बापा. इतकी जवळ आली तरी आवाज नाय, धूर नाय." ती कौतुकानं मान डोलावत राहिली. "बॅटरीवर चालणारी हाय वाटते?"

देवीदासनी मागे पाहिलं. नवरदेव डिकीवर पालथा पडून धापा टाकत होता. त्याचे मित्र रस्त्यातच बसले होते. आठवडाभरात त्यांच्या गाडीला कुणी चांगलं म्हणण्याची ही दुसरी वेळ होती.

"हो आजी," ते म्हणाले. "बॅटरीवरचीच हाय."